चिलखत विकणे आहे

सेकंडहँड बाजारात खोटं बोलून माल खपवणारे पुष्कळ. कॉस्प्लेचा जुना पोशाख विकणारा तरुण मात्र खरं बोलून गिऱ्हाईक पळवतो. जाहिरातीत आधी ‘एकदाच घातलेला’ असं ऐटीत लिहितो आणि मग स्वतःच स्वतःची उलटतपासणी घेत सुटतो. डाव्या कोपरावरचा रंग उडालाय. पाठीचं वेल्क्रो धरत नाही. हेल्मेटातून समोरचं दिसतं, पायाखालचं दिसत नाही. घालून खाली बसता येत नाही. एवढं वाचूनही कुणी फोन केलाच, तर ‘तुम्ही नक्की विचार केलाय ना?’ असं विचारतो.

२०११ साली दिल्लीत भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं, तेव्हा हा शाळेत होता. आता डोंबिवलीत दोन खोल्या, आईबाबा, बहीण आणि माळ्यावर तीन जपानी योद्धे असा त्याचा संसार आहे. चौथ्याला जागा हवी म्हणून पहिला विकायचा. धंद्यामागचं गणित एवढंच.

‘नारूतो’मधला अकात्सुकीचा काळा, लाल ढगांचा झगा मिनिटात जातो. तो सैल, कुणालाही होतो आणि आत चेहरा कुणाचाही चालतो. मूळ मांगा २०१४ साली संपली, झग्याची मागणी काही संपली नाही. विगला मात्र कुणी हात लावत नाही. दुसऱ्याच्या घामाचा निळा टोप डोक्यावर चढवायला भक्तीच हवी.

खरी अडचण चिलखताची. ते बेततानाच यानं अंगाला क्लिंग फिल्म गुंडाळून घेतली, वर चिकटपट्टी मारली, तिच्यावर रेघा आखल्या आणि बहिणीनं कात्रीनं कापून याला सोडवला. त्या मापानं इव्हीए फोम कापला, हीट गननं वाकवला, फेविकॉल एसआरनं जोडला. ते चिलखत जगात एकाच छातीला बसतं आणि ती छाती विकणाऱ्याची. गिऱ्हाईक विचारतं, ‘एक्सेल आहे का?’

किमतीत हा सामान धरतो, जागरणं धरत नाही. धरली असती तर चिलखताच्या भावात चांदीचं आलं असतं. तरी समोरून येतंच, ‘भाऊ, लास्ट बोला.’ हा लास्ट बोलतो, तेवढ्यात कुरियरवाला त्याच्याही पुढचं बोलतो. वजन दीड किलो, पण खोकं साठ बाय पन्नास बाय चाळीस सेंटिमीटर. गुणाकार करून पाच हजारांनी भागायचं, की आकार लागतो चोवीस किलोचा. दीड किलोचा योद्धा चोवीस किलोचं भाडं भरून नागपूरला निघतो, तेव्हा नफा कल्याणलाच उतरलेला असतो.

शेजारच्या काकूंना यातलं काही नको असतं. त्यांच्या नातवाच्या शाळेत फॅन्सी ड्रेस आहे. ‘अरे, मावळ्याचं काही आहे का? नाहीतर ती तलवार तरी दे.’ ती तलवार ‘फायनल फँटसी सेव्हन’मधल्या क्लाउडची, नातवापेक्षा दोन फूट उंच. हा काकूंना १९९७ सालच्या त्या गेमची कथा सांगू लागतो. काकू परत जाऊन घरातली फूटपट्टी सोनेरी कागदात गुंडाळतात.

भाव पटलेल्याचीही सुटका नाही. त्याची तोंडी परीक्षा होते. मालिका पूर्ण पाहिली का? डब की सबटायटल? एकानं ‘प्री-वेडिंगला घालणार’ म्हटलं, तर त्याला माल गेल्याचं कळवण्यात आलं. माल माळ्यावरच होता.

शेवटी अंगानं आणि ज्ञानानंही बसणारा एकजण मिळतो. पैसे येतात, त्यांचा त्याच दुपारी नवा फोम होतो. ‘दुरुस्ती आयुष्यभर फुकट’ हे याचं आपणहून दिलेलं वचन. पुढच्या कॉमिक कॉनला नवा मालक पोज देऊन उभा असतो आणि मागून एक हात येऊन त्याच्या खांद्याची सुटलेली कड दाबून धरतो. फोटोग्राफर ओरडतो, ‘ओ दादा, फ्रेममधून बाहेर व्हा!’

‘दोन मिनिटं,’ हा म्हणतो, ‘गोंद ओला आहे.’