तारांकित खांब

विजेच्या खांबावरून केबल न्यायची परवानगी आता ऑनलाइन मिळते. म्हणजे, ऑनलाइन मागता येते. नाव, पॅन, मार्गाचा नकाशा हे सगळं भरून झालं की लाल तारा लावलेला एक रकाना समोर येतो : खांबाचा क्रमांक. तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मागणी रास्तच आहे, फक्त खांबावर क्रमांक असायला हवा. कधीकाळी तो काळ्या रंगात घातलेला होता. पुढे त्यावर मूळव्याधीवर हमखास इलाज करणाऱ्यांची पाटी आली, तिच्यावर दहावीच्या क्लासची, तिच्यावर ‘घरबसल्या कमवा’, आणि या सगळ्यांना झाकून भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आता क्रमांक वाचायचा तर पुरातत्त्ववाल्यांना बोलवावं लागेल. खांब ज्यांच्या मालकीचा त्यांनाही तो माहीत नसतो. माहीत असता तर रकाना भरूनच आला असता. तेव्हा अर्जदारानंच खांबापुढे उभं राहायचं, फोटो काढायचा, अक्षांश-रेखांश टाकायचे. किलोमीटरभरात वीस-पंचवीस खांब सहज भरतात. दुसऱ्याच्या मालमत्तेची अशी फुकट मोजदाद करून दिल्यावर त्याबद्दल प्रक्रिया शुल्क भरायचं ते आपणच.

आता त्याच खांबाकडे मान वर करून बघा. तिथे आधीपासून वायरींचं जे भेंडोळं लटकलंय, त्यातल्या एकीलाही हा रकाना भरावा लागलेला नाही. २०१६च्या मार्गाधिकार नियमांनी ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायला सांगितलं. २०२२च्या दुरुस्तीनं रस्त्याकडेच्या खांबावरून केबल नेण्याची भरपाई खांबामागे वर्षाला १०० रुपये ठरवली. तरतुदी चांगल्या होत्या. पण मुदतभर मौन सोसायचं ते अर्ज करणाऱ्यानं, आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ‘फोटो अस्पष्ट’ असा शेरा येऊन गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. रात्री शिडी लावून वायर बांधणाऱ्याला तीच मूक संमती पहिल्या रात्रीच मिळते, तीही एक रुपया न भरता. खरी गंमत पुढेच आहे. परवानगीवाल्यानं केबलवर नावाची पट्टी लावायची असते. खांबावरची लक्तरं काढायची मोहीम निघाली की नोटीस कोणाला जाते? नोटिशीला पत्ता लागतो, आणि पत्ता एकाच केबलवर असतो. थोडक्यात, अर्ज केला नसता तर तो सापडलाच नसता.

यावर म्हणतील, पूर्वी फाइल टेबलामागून टेबल फिरायची, आता निदान तारीख नोंदली जाते आणि साहेबांच्या दारात ताटकळावं लागत नाही. खरं आहे, आणि हा फायदा लहान नाही. पण टेबलावरच्या फाइलीनं खांबावर काय चाललंय हे कधी पाहिलं नाही, तसंच पोर्टलही पाहत नाही. ते अर्ज तपासतं. खांब तपासायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. दुसरा आक्षेप असा की सगळ्या खांबांची नोंद झाली की हे आपोआप सुरळीत होईल. मग ती नोंद आधी मालकानं करावी, आपल्या खर्चानं, आणि नंतर पोर्टल उघडावं. तोवर किंमत कोण मोजतं? रस्ता ओलांडणारी लघुदाबाची वीजवाहिनी जमिनीपासून किमान ५.८ मीटर उंच हवी, हे नियमात दशांशापर्यंत लिहिलंय. तिच्याखाली लोंबणारी बेवारस वायर स्कूटरवाल्याच्या गळ्याइतक्या उंचीवर आली तरी कोणत्याही पडद्यावर लाल तारा उमटत नाही. आणि भर पावसात फ्यूज बदलायला चढणारा लाइनमन, बहुधा कंत्राटी! त्याला पाय ठेवायला खांब दिसत नाही, हात घालायचा तो कोणाची आणि कसली हे माहीत नसलेल्या वायरींच्या जंजाळात. त्याच्यासाठी एकही रकाना नाही. लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि सादरीकरणात हिचं नाव ‘डिजिटल सुलभता’.

उपाय अवघड नाही. त्याच लाइनमनच्या मोबाइलवर मंजूर केबलींची यादी द्या आणि जिच्यावर पट्टी नाही ती कापायचा लेखी अधिकार द्या; एका पावसाळ्यात खांब मोकळे होतील. अडचण तांत्रिक नाहीच. बिनपट्टीच्या वायरींपैकी एकीवर नगरसेवकांच्या बंगल्यातली क्रिकेटची मॅच चालू असते, आणि ती नेमकी कोणती हे वॉर्डातल्या प्रत्येकाला क्रमांकाशिवाय ठाऊक असतं.