ऑर्केस्ट्राची सुपारी

"ह्याला ऑर्केस्ट्रा घ्यायचाय," असं आईनं शेजारच्या काकूंना गच्चीवरून सांगितलं. काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "नाचणाऱ्या बायका पण घेतो का काय?"

काकूंचं काही चुकलं नाही. आमच्या लातुरात काय किंवा नांदेडात काय, ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही. गणपतीचा सातवा दिवस, दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज, चमकीचा कोट घातलेला निवेदक, किशोरकुमारचा आवाज काढणारा एक, लताबाईंचा काढू पाहणारी एक, मधूनमधून मिमिक्री आणि दर दोन गाण्यांनंतर कुणाकडून तरी एकावन्न रुपयांचं बक्षीस. व्हिएन्नात याच नावाखाली ऐंशी-नव्वद माणसं काळे कोट घालून समोरच्या कागदात डोकं खुपसून बसतात, हे काकूंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "मग गातं कोण?"

मला हवा होता तो ऑर्केस्ट्रा कॉम्प्युटरातला. खऱ्या वादकांना स्टुडिओत बसवून एकेका वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करतात. हळू, मध्यम, जोरात. लांब गजाचा, तुटक गजाचा, बोटांनी छेडलेला. असे हजारो तुकडे एका सॉफ्टवेअरमध्ये भरून विकतात. आपण इथं काळी पट्टी दाबली की तिकडं लंडनमधल्या माणसानं कधीतरी ओढलेला गज ऐकू येतो. या तुकड्यांना सॅम्पल म्हणतात. आमच्याकडे सॅम्पल म्हटलं की आडतीत पोत्याला बंबी मारून काढलेली मूठभर तूर आठवते. तत्त्व तेच आहे, फक्त इथं मुठीवरच सगळं जेवण उरकायचं असतं.

गरज पडली ती एका मित्रामुळे. त्यानं औसा तालुक्यात बावीस मिनिटांचा सिनेमा काढला. शेतकरी, आटलेली विहीर आणि विकायला काढलेला बैल. मला म्हणाला, "संगीत तू करायचं. सैराटसारखं पाहिजे. भव्य." सैराटसाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले होते आणि सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर त्यांनी खराखुरा सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला होता. करमाळ्याकडच्या उसाच्या फडामागं हॉलिवूडची व्हायोलिनं वाजली, ती २०१६ साली. मी बजेट विचारलं. "चार हजार ठेवलेत. त्यातच तुझा चहा."

मग मी निवड करायला बसलो. नवशिक्या संगीतकारासाठी निवड करणं हेच मोठं काम असतं, कारण त्या काळात संगीत करावं लागत नाही. स्थळं पाहावीत तसे मी तीन महिने ऑर्केस्ट्रे पाहिले. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी नावाचं एक खानदानी स्थळ. हर्ब टुकमांडल नावाच्या चेलो वाजवणाऱ्यानं काढलेलं. त्यांनी सॅम्पल घेण्यासाठी 'सायलेंट स्टेज' नावाची खास जागा बांधली. तिथं सूर कोरडा ठणठणीत रेकॉर्ड होतो आणि सभागृहाची घुमण आपण नंतर वरून घालायची. दुसरं स्थळ लंडनचं, स्पिटफायर ऑडिओ. ख्रिश्चन हेन्सन आणि पॉल थॉमसन या दोघांनी २००७ मध्ये सुरू केलेलं. त्यांच्या गाजलेल्या लायब्रऱ्या एअर स्टुडिओजच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये रेकॉर्ड झाल्या. तो हॉल म्हणजे जुनं चर्च, त्यामुळे घुमण सुरातच मुरलेली. म्हणजे व्हिएन्नाचे नुसते पोहे आणि लंडनचे फोडणी घालून तयार. नवख्यानं तयार पोहे घ्यावेत, असं सगळेच जाणते सांगतात. अडचण एवढीच की त्यांच्या फोडणीतून मिरची काढता येत नाही. विहिरीच्या तळाशी बसलेला आमचा नायक रडायला लागला की चर्चमध्ये बसून रडतोय असं वाटायचं. मित्राला दाखवलं. "विहिरीत घुमतंच की," म्हणाला. हे मला सुचलं नव्हतं.

किमतीचा विषय अण्णांपुढं काढणं भाग होतं. साल २०२३. हजार डॉलरच्या घरातली एक मोठी लायब्ररी, डॉलर त्र्याऐंशी रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. मी "अठ्ठ्याण्णव हजार" म्हणालो. अण्णांनी डोळे मिटले. त्यांना रुपये कळत नाहीत असं नाही, पण मोठी रक्कम ते सोयाबीनमध्ये रूपांतरित केल्याशिवाय स्वीकारत नाहीत. हमीभाव ४,६०० धरला तर एकवीस क्विंटल आणि थोडं वर. म्हणजे आमच्या रानातला चार एकरांचा माल, तोही चांगल्या सालचा. त्या साली ऑगस्टभर पावसानं दडी मारलेली.

"आणि ते घरात कुठं ठेवायचं?"

"घरात येत नाही अण्णा. कॉम्प्युटरातच असतं."

"चार एकर सोयाबीन देऊन वस्तू घरातच येत नाही?"

मी घाईनं भाड्याचा पर्याय सांगितला. लॉस एंजेलिसची ईस्टवेस्ट कंपनी महिन्याच्या वर्गणीवर आख्खं भांडार वापरायला देते, पैसे थांबले की वाजणं थांबलं. हे अण्णांना लगेच पटलं. "मक्त्यानं रान घेतल्यासारखं," ते म्हणाले. "पण मक्त्याच्या रानात विहीर पाडायची नसती, ध्यानात ठेव." हा सल्ला मला त्या वेळी असंबद्ध वाटला. वर्गणी बंद केली की जुन्या कामाच्या फायली उघडतात पण मुक्या राहतात, हे पुढं वाचलं तेव्हा विहीर आठवली.

डाउनलोडचा हिशेब मात्र मी अण्णांना सांगितलाच नाही. स्पिटफायरचा जो 'बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा' आहे, लंडनच्या मायदा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, त्याची सगळ्यात मोठी आवृत्ती सहाशे जीबीच्या आसपास. माझ्या मोबाइलला रोज दीड जीबी. चारशे दिवस. म्हणजे एका गणपतीला बसवलेला ऑर्केस्ट्रा दुसऱ्या गणपतीचं विसर्जन होऊन गेल्यावर पूर्ण उतरणार.

शेवटी ठरवलं की जाणत्या माणसाला विचारावं, आणि लॅपटॉप पाठीला लावून नांदेडला मामांकडे निघालो. अहमदपूर, माळेगाव, लोहा करत एसटी जाते. माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लावणी, तमाशा सगळं एका माळावर. त्या माळावर मामांनी उमेदीची वर्षं घालवली. ते एका ऑर्केस्ट्रा पार्टीत कॅसिओ वाजवत. कॅसिओ ही आमच्याकडे कंपनी नसून जात आहे. मामांचा कॅसिओ यामाहाचा होता.

मामांनी माझी सगळी कथा ऐकून घेतली आणि म्हणाले, "एवढं कशाला करायलास? एकोणपन्नास नंबर लाव."

त्यांचं बरोबर होतं. १९९१ मध्ये वाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन १२८ आवाजांचे नंबर कायमचे ठरवून टाकले, त्याला जनरल मिडी म्हणतात. त्यात एकोणपन्नास म्हणजे स्ट्रिंग्स, एकेचाळीस म्हणजे व्हायोलिन. मामांना हे नंबर जावयांच्या फोन नंबरांसारखे पाठ. पण त्यांचा जीव होता तो छप्पन्न नंबरवर. "ढँण!" मिमिक्रीवाल्याचा विनोद पडला की ढँण, निवेदकानं आमदारांचं नाव घेतलं की ढँण, विनोद नाही पडला तर दोनदा ढँण. या आवाजाचं अधिकृत नाव ऑर्केस्ट्रा हिट. त्याचं कूळ काढलं तर ते थेट इगोर स्ट्राविन्स्कीपर्यंत पोचतं. १९१० मध्ये पॅरिसला त्याचं 'फायरबर्ड' हे बॅले रंगमंचावर आलं. त्याच्या एका रेकॉर्डमधला क्षणभराचा तुकडा कुणीतरी ऑस्ट्रेलियात बनलेल्या फेअरलाइट नावाच्या यंत्रात भरला. हे यंत्र १९७९ चं. तिथून तो तुकडा ऐंशीच्या दशकातल्या पॉप गाण्यांत गेला, त्याची नक्कल स्वस्त कीबोर्डांत आली, आणि तशीच पुढं माळेगावच्या माळावर.

"मामा, तुम्ही वीस वर्षं स्ट्राविन्स्की वाजवत होता."

"कोणत्या पिक्चरचा?"

मी लॅपटॉप उघडून त्यांना नवी करामत दाखवली. जुन्या कीबोर्डात एकच सूर लागोपाठ दाबला की बंदुकीच्या फैरीसारखा वाजतो, कारण दर वेळी तोच तुकडा. म्हणून आता एकच सूर पुष्कळदा रेकॉर्ड करतात आणि पाळीपाळीनं वाजवतात. प्रत्येकात माणसाचा हात किंचित वेगळा पडलेला असतो, त्या फरकामुळे तो जिवंत वाटतो.

"म्हंजे चुका विकत घ्यायच्या?" मामा म्हणाले. "आमच्या पार्टीत फुकट होत्या."

मग त्यांना सिनेमा लावून दाखवला. स्ट्रिंग्स एका हौशी माणसानं फुकट वाटलेल्या लायब्ररीतले होते, आणि ते सॅम्पल वाजवणाऱ्या ज्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत उघडले त्यात अशी परकी लायब्ररी पंधरा मिनिटंच चालते. ही अट मी वाचली नव्हती, दोष माझा. बैलाच्या गळ्यातली घंटा नायकानं काढली, मालक नोटा मोजू लागला, संगीत चढत चढत ऐन शिखरावर आलं आणि गप्प झालं. नुसत्या नोटा मोजण्याचा आवाज. मामांनी वर पंख्याकडं पाहिलं. "लाइट तर आहे की."

मामी मात्र डोळे पुसत होत्या. सगळ्यात भारी जागा तीच होती, म्हणाल्या.

हे मी मित्राला फोनवर सांगितलं आणि जोडीला पुरावाही दिला: प्रभातच्या 'कुंकू'ला, १९३७ मध्ये, पार्श्वसंगीत जवळजवळ टाळून नैसर्गिक आवाजांवर काम भागवलं होतं, आणि तेही केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना. मित्र म्हणाला, "तेव्हा बजेट नसंल." शिवाय त्याला आता हलगीही हवी होती. मी सगळ्या लायब्रऱ्या धुंडाळल्या. टिंपनी आहे, झांजांचे दहा प्रकार आहेत, हलगी नाही. मामा म्हणाले, "हलगी आधी तापवावी लागती." लॅपटॉप तर तापलाच होता. आठ जीबी रॅमचं घर. पहिली व्हायोलिनं उतरली, दुसरी उतरली, व्हियोला दारात आल्यावर पंखा घरघरायला लागला, आणि फ्रेंच हॉर्नवाल्यांना तर मांडवाबाहेरच झोपावं लागलं.

रात्री गच्चीवर मामा जरा वेगळं बोलले. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले त्या गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव पुढं अमिताभच्या गाण्यात आलं, हे मी त्यांना सांगत होतो. तेव्हा मुंबईत एकेका गाण्याला पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक बसत. "मग आता कुठं गेले ते?" मामांनी विचारलं. मी लॅपटॉपकडं बोट दाखवलं. "मला डीजेनं उठवलं," ते म्हणाले, "त्यांना तुझ्या या डब्यानं." आणि उशी उलटी करून झोपले.

परत आल्यावर निवड एका मिनिटात झाली, कारण ती २०२० मध्येच झालेली होती. त्याच बीबीसी ऑर्केस्ट्राची एक धाकटी आवृत्ती आहे, डिस्कव्हर नावाची, जेमतेम दोनशे एमबीची. तेव्हा पद्धत अशी होती की थोडे पैसे भरा, नाहीतर प्रश्नावली भरून चौदा दिवस थांबा. लॉकडाउनमध्ये माझ्याकडे दिवसच दिवस होते. मी फॉर्म भरला होता, पीक विम्याच्या फॉर्मपेक्षा सोपा होता, आणि पंधराव्या दिवशी लंडनचा आख्खा ऑर्केस्ट्रा लातुरात येऊन पडला होता. नंतर मी तो विसरलो. फुकट आलेल्या वस्तूला आमच्या घरात कपाटाच्या वरचा कप्पा मिळतो.

त्यावरच सगळं केलं. डाव्या हातानं कीबोर्डावरचं चाक वरखाली करत राहायचं, म्हणजे गजाचा दाब वाढतो-उतरतो. चाक सोडलं की स्ट्रिंग्स हार्मोनियमच्या सुरासारखे ताठ उभे राहतात. हे चाक फिरवायला शिकण्यातच दीड महिना गेला. हलगी एका लग्नाच्या वरातीत मोबाइलवर रेकॉर्ड केली. तिच्यात दोनदा "अहो, सरका की" असं ऐकू येतं. ते राहू दिलं.

लातुरात एका कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. दोनपैकी एकच स्पीकर चालू होता, त्यामुळे उजवीकडं बसवलेले चेलो आणि डबल बास कुणाला भेटलेच नाहीत. संपल्यावर टाळ्या पडल्या. गर्दीतून गळ्यात उपरणं असलेले एक गृहस्थ माझा हात धरून कोपऱ्यात घेऊन गेले. आमच्याच भागातल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष.

"ऑर्केस्ट्रा तुमचाच का?"

माझा ऊर भरून आला. म्हटलं, हो, माझाच.

"माणसं किती?"

"नव्वदेक असतील."

ते दचकले. "जेवण तुमच्याकडं का आमच्याकडं?" मी सांगितलं, ते जेवत नाहीत. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, मग खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. "ही सुपारी धरा. सातवा दिवस आपला. फक्त दोन-चार गाणी टाका मधी, नुसतं रडणं नको."

नोट मी परत करणार होतो. पण घरी येऊन आधी मामांना फोन लावला आणि विचारलं, छप्पन्न नंबर अजून चालतो का. पलीकडून लगेच उत्तर आलं.

ढँण.