टार्गेटशेठ

घोटीत डिसेंबर उजाडला की दोन गोष्टींची आवक वाढते. एक नव्या भाताची, दुसरी नव्या डायऱ्यांची. सोंगणी-झोडणी आटोपून इगतपुरी तालुक्यातलं इंद्रायणी, कोळपी ट्रॉल्या भरभरून गिरण्यांच्या दारात येतं, आणि त्याच दारात पतसंस्थावाले, खतवाले, बारदानवाले, विम्याचे एजंट आपापलं नाव छापलेल्या डायऱ्या घेऊन येतात. भाताचं काय करायचं हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डायरीचं काय करायचं हे फक्त टार्गेटशेठला ठाऊक आहे.

टार्गेटशेठ हे कुणा एकाचं नाव नव्हे. घोटीच्या प्रत्येक आळीत एक तरी असतोच, आणि स्टेशन रस्त्यावरच्या टपरीवर त्या सगळ्यांना मिळून हे एकच नाव आहे. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. भाताची गिरणी, नाहीतर कृषी सेवा केंद्र, नाहीतर हार्डवेअरचं दुकान. धंदा वडिलांनी बसवलेला, त्यामुळे बरा चाललेला. पोटाने शर्टाच्या चौथ्या बटणाशी उघड वैर धरलेलं. खिशाला दोन पेनं: निळं हिशेबाला, लाल ध्येयाला. निळ्याची रिफिल महिन्याला बदलते. लाल पेन कंपनीने भरून दिलं तसंच आहे म्हणाल, तर तेही नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते बरंच झिजतं.

डायरीचं पहिलं पान तो मनापासून भरतो. नाव, पत्ता, रक्तगट, गाडीचा नंबर, चपलेचं मापसुद्धा. मग पान उलटून, दोन ओळी सोडून, अधोरेखित करून ‘या वर्षीची ध्येये’. पहाटे पाचला उठणे. रोज दहा हजार पावले. चहा बिनसाखरेचा. इंग्रजी बोलणे. रागावर नियंत्रण (कंसात : हमाल, मेहुणा). वजन ७२. हे ७२ गेल्या वर्षीच्या डायरीतही आहे आणि त्याच्या आदल्या वर्षीच्याही. ध्येयाच्या बाबतीत शेठ कधी डळमळलेले नाहीत. शेजारच्या ‘सध्याचे वजन’ या रकान्यात मात्र आधी ८१, मग ८४, मग ८६ अशी प्रगती आहे. डायऱ्यांची चळत देवघराशेजारच्या कपाटात असते, आणि पानं वीस-बावीस जानेवारीनंतर इतकी कोरी असतात की घरातल्या मुलांना रफ वहीचा तुटवडा कधी पडलेला नाही.

जानेवारी हुकला म्हणून बिघडत नाही. २०१४ साली हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिलं की आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात किंवा वाढदिवस गेल्यानंतरचे दिवस आले की माणसं व्यायामशाळेत जास्त जातात आणि ‘डाएट’ हा शब्द इंटरनेटवर जास्त शोधतात. नवी पाटी मिळाली की जुनी चूक कुणा दुसऱ्याची वाटू लागते. पण त्या बिचाऱ्यांच्या हाताशी सोमवार, एक तारीख आणि वाढदिवस एवढंच भांडवल. टार्गेटशेठच्या भिंतीवर १९७३ पासून महाराष्ट्राच्या भिंतींवर लटकणारं ‘कालनिर्णय’ आहे. एक जानेवारी गेला तर मकर संक्रांत, संक्रांत गेली तर गुढीपाडवा, मध्ये एक एप्रिलला नवी हिशेबवही, मग अक्षय्य तृतीया, आषाढी, गुरुपौर्णिमा, गणपती, घटस्थापना, दसरा, पाडवा. साडेतीन मुहूर्त तर बिनतोडच. इतक्या ठिकाणी सुरुवात करायची सोय असलेल्या माणसाने मध्येच काही चालू ठेवायचं म्हणजे त्या सोयीचा अपमानच.

शिवाय पाऊस. चालण्याचं ध्येय ठेवणाऱ्याने घोटीत राहावं की नाही, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्या इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि घोटी त्याच ढगाखाली. जूनमध्ये शेठ म्हणतात, एकदा पाऊस उघडू दे. ऑक्टोबरात म्हणतात, एकदा सीझन आटपू दे. जानेवारीत थंडी बाधते. मार्चमध्ये ते खरोखर एकदा निघतात, दारणेच्या दिशेने कोपऱ्यापर्यंत जातात, तिथे कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि दोघं मिळून चहा घेतात. साखरेचा, कारण समोरच्याला वाईट वाटू नये.

दहा हजार पावलांचं तर त्यांना भारी अप्रूप. हा आकडा डॉक्टरांनी शोधला अशी त्यांची समजूत आहे. मुळात तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या ‘मानपोकेई’ नावाच्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून निघाला. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, लोकांना आवडला, टिकला. शेठच्या फोनमध्येही पावलं मोजायची सोय आहे आणि एके दिवशी तिने रात्री तेरा हजार दाखवले. शेठनी तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर आणि चुकून ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला. गोणी मोजताना मध्ये मध्ये येतो म्हणून त्यांनी फोन हमालाच्या खिशात ठेवायला दिला होता आणि संध्याकाळपर्यंत परत मागायचं विसरले होते. हमालाच्या डायरीत ध्येय नव्हतं. डायरीच नव्हती.

आता हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखंही नाही. टार्गेटशेठला बदलायचं असतं, मनापासून असतं. एखाद्या रात्री जिना चढताना दम लागतो, एखाद्या लग्नात शाळासोबती ओळखत नाही, तेव्हा त्यांना जे वाटतं ते खोटं नसतं. म्हणूनच ते नाशिकला दिवसभराच्या कार्यशाळेला पैसे भरून जातात. जेवणासकट. तिथे कोट घातलेला वक्ता सांगतो की १९५३ साली येल विद्यापीठातल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून काढली होती, त्यांनी वीस वर्षांनी बाकीच्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त संपत्ती मिळवली. सभागृह थक्क होतं. शेठ लाल पेनाने ‘३%’ लिहून त्याभोवती वर्तुळ काढतात.

गोष्ट झकास आहे, फक्त घडलेली नाही. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने तिचा माग काढला, तेव्हा एक वक्ता दुसऱ्याकडे बोट दाखवत गेला आणि खुद्द येलला असा कुठलाही अभ्यास सापडला नाही. पण ती अजून हिंडते आहे आणि नाशिकपर्यंत पोचताना तिला टोलसुद्धा लागलेला नाही.

त्याच कार्यशाळेतून शेठ ‘एकवीस दिवस’ घेऊन आले. कुठलीही गोष्ट एकवीस दिवस केली की सवय लागते. या एकविसाचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ वाटेत गळला आणि चेहऱ्याच्या जागी सगळं आयुष्य आलं. शेठ ही विद्या गिरणीत बसून सांगत होते. समोर भरडाईला भात घेऊन आलेले एक म्हातारबाबा तंबाखू मळत ऐकत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “एकवीस दिस?”

“एकवीस दिवस, बाबा.”

“एकवीस दिसात आवणीजोगं रोप व्हतं, शेठ. भात नाही व्हत.”

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात याहून वेगळं काही निघालं नाही. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, असंही त्यात आढळलं. शेठच्या कामाची गोष्ट खरं तर ही शेवटची. त्यांचा एक दिवस चुकला की ते उरलेलं वर्ष रद्द करतात.

त्यांचा खरा घात मात्र टपरीवर होतो. संकल्प केल्यावर शेठ तो आधी तिथे जाहीर करतात. “उद्यापासून पाच वाजता.” टपरीवाला म्हणतो, “शेठ, तुम्ही मनावर घेतलं म्हणजे झालंच.” बाकावरचे दोघं माना डोलावतात. त्या क्षणी शेठच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते पहाटे पाचला उठणाऱ्याच्या चेहऱ्यावरही नसतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं. चांगला वकील होण्याचा आपला इरादा दुसऱ्याच्या नजरेत आला की विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यासाला कमी वेळ देत होते. आपण निम्मे वकील झालोच, असं त्यांना वाटू लागत होतं. शेठ टपरीवर रोज निम्मे बारीक होतात. एक कटिंग आणि क्रीमरोलसह.

याच गोलविट्झरने आधी, १९९९ मध्ये, एक साधा उपाय मांडला होता : काय करायचं ते ठरवण्यापेक्षा कधी आणि कुठे करायचं ते ठरवा. त्यावर २००२ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना नुसतं सोडून दिलं. त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. काहींना व्यायामाचं महत्त्व पटवणारा मजकूर वाचायला दिला. त्यांच्यातले ३५ टक्के हलले. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचून शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून काढलं, आणि त्यातले ९१ टक्के हलले. म्हणजे जेवणासकट कार्यशाळेचा परिणाम किती, याचा अंदाज यावा.

‘कधी, कुठे’चा उत्तम नमुना बघायला शेठना ब्रिटनला जायचीही गरज नाही. घोटीतच कळसूबाई मित्रमंडळ आहे. घटस्थापना झाली की ही मंडळी नवरात्राचे नऊही दिवस रोज कळसूबाई चढतात आणि हे वर्षानुवर्षं चालू आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. बारी गावातून सुरू होणारी दमछाक करणारी चढण, कातळावरच्या लोखंडी शिड्या, वर देवीचं छोटं देऊळ. त्यांना कुणी ‘तुमचं ध्येय काय’ असं विचारलं, तर बहुधा ‘देवीला जायचंय’ एवढंच उत्तर मिळेल. कधी ते देवी ठरवते, कुठे तेही देवीनेच ठरवलेलं. शेठ दर वर्षी त्यांना वर्गणी देतात आणि पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणून सांगतात.

मध्यंतरी शेठनी समृद्धी महामार्गापासून स्फूर्ती घेतली. हा रस्ता घोटीच्या उंबऱ्याशीच टप्प्याटप्प्याने येऊन ठेपला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी, मे २०२३ मध्ये शिर्डी ते भरवीर, मार्च २०२४ मध्ये भरवीर ते इगतपुरी आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा. एकूण ७०१ किलोमीटर. शेठ म्हणाले, बघा, एवढं मोठं काम टप्प्याटप्प्याने होतं, मग आपलं का नाही? त्यांनीही टप्पे पाडले. पहिला टप्पा, बूट. दुसरा, गिअरची सायकल, कारण २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे बंधू सायकलवरून अमेरिका आडवी पार करून आले होते आणि तेव्हापासून हे शेठच्या मनात होतं. दोन्ही टप्प्यांचं उद्घाटन नारळ फोडून झालं. तिसरा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष सायकल चालवणं, भूसंपादनात अडकलेला आहे. सायकलीवर उन्हाळ्यात कुरडयांचं कापड वाळतं. हँडल त्याला सोयीचं आहे, असं वहिनी म्हणतात.

धम्मगिरीचंही एकदा ठरलं होतं. घोटीहून इगतपुरी हाकेच्या अंतरावर. तिथे १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात, जगभरातून माणसं येतात, फी नाही, पहाटे चारला घंटा. पाचचं ध्येय असणाऱ्याला चार म्हणजे बोनसच. शेठनी अर्ज भरायला घेतला आणि नियम वाचले. मौन पाळायचं. फोन जमा करायचा. इथवर त्यांनी दात-ओठ खाऊन मान्य केलं. पुढचं वाक्य होतं, लेखन-वाचनाचं साहित्य आत नेता येणार नाही. म्हणजे डायरी नाही. दहा दिवस स्वतःला बदलायचं आणि त्याची कुठे नोंद नाही, कुणाला सांगायचं नाही! अर्ज अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

परवाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शेठच्या मुलीने नाशिकला क्लास लावला. सकाळी सातची बस गाठायची म्हणून स्कूटी ती स्टँडपर्यंत नेते आणि तिथेच लावते. दुसरी गाडी मुलाकडे. त्यामुळे गावाबाहेरच्या गिरणीपर्यंत शेठना पायी जाणं भाग पडलं, आणि दुपारी जेवायला येऊन परत जाणंही. पावसात छत्री घेऊन, मुलीला चार शब्द सुनावत, पण रोज. पावसाळा सरला तसा पँटचा पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं. काट्यावर ८६ चे ८० झाले. शेठ हादरले. कारण नसताना वजन उतरणं वाईट, हे त्यांनी व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं. ते तडक नाशिकला गेले, साखर तपासली, थायरॉइड तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळे रिपोर्ट चांगले आले म्हटल्यावर तर त्यांचा धीरच सुटला.

डॉक्टरांनी विचारलं, “हल्ली चालणं वगैरे काही सुरू केलंय का?”

“छे हो,” शेठ म्हणाले, “ते घटस्थापनेपासून करायचंय.”