रात्री आठच्या खलनायिकाबाईंस



पत्रास कारण आमच्या घरचा दुधाचा पेला. काल रात्री आमच्या हिने नातवाला हळदीचं दूध नेऊन दिलं. सहा वर्षांचं ते कार्टं पेल्यात डोकावलं, आजीकडे रोखून पाहिलं आणि म्हणालं, "आधी तू पी." बेचाळीस वर्षांच्या संसारात जे म्हणायचं मला धाडस झालं नाही, ते पोरगं सहज बोलून गेलं. श्रेय अर्थात तुमचं. परवाच्या भागात तुम्ही धाकट्या जावेच्या दुधात पांढरी पूड मिसळलीत, चमच्याने ढवळलीत आणि आमच्याकडे बघून एक भुवई वर केलीत. ढवळणं तीनदा दाखवलं, त्यातलं एकदा अगदी संथ गतीने. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांचंही लिहून व्हावं, ही कळकळ हल्लीच्या शाळांत कुठे दिसते?

लोक उगाच हाणामारीवाल्यांना नावं ठेवतात. 1987 साली दूरदर्शनवर 'रामायण' लागलं तेव्हा आमच्या चाळीतले खराटे आठवड्याभरात बोडके झाले, कारण काड्यांचे बाण झाले होते. कुणाचा तरी डोळा जाणार म्हणून बायका ओरडत, आणि ती भीती काही खोटी नव्हती. पुढे 1997 मध्ये 'शक्तिमान' आला. पोरं अंगणात भोवरा होऊन गरगरायची. गच्चीवरून उड्या मारल्याच्या बातम्या छापून यायला लागल्या, तेव्हा मुकेश खन्नांना पडद्यावरूनच मुलांची समजूत घालावी लागली. पण बाई, त्या हिंसेत कष्ट होते. धनुष्याला बांबू लागतो, उडायला गच्ची लागते. तुमचं सगळं घरात असलेल्या सामानात होतं. जिन्यावर गोडं तेल, शेगडीची फिरवून ठेवलेली कळ, खिरीत चिमूटभर काहीतरी. दुपारचे पाककृतीचे कार्यक्रम इतकी सोपी कृती देत नाहीत.

तुमचे निर्माते म्हणतात, शेवटी सत्याचाच विजय होतो, खलनायिका तुरुंगात जाते, मुलांवर चांगलाच संस्कार होतो. यावर अमेरिकेतल्या अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं तुमच्या कानावर घालतो. त्याने 1961 मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बुकललं, हातोडीने हाणलं. मग मुलांना त्याच बाहुल्याजवळ सोडलं, तर त्यांनी हुबेहूब तेच केलं. (तो बाहुला मुळात मारण्यासाठीच केलेला होता, मारला की पुन्हा उभा राहायचा, मग त्यात नवल काय, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. तोही खोटा नाही.) तुमच्या कामाचा आहे तो 1965 चा प्रयोग. त्यात चित्रफितीतल्या बुकलणाऱ्याला काही मुलांसमोर शिक्षा झाली, काहींसमोर शाबासकी मिळाली. शिक्षा पाहिलेली मुलं बरीच गप्प राहिली. संस्कार झाला म्हणायचा! मग मुलांना सांगितलं, त्याने काय केलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल. सगळ्यांना सारखंच येत होतं. शिक्षा पाहिलेल्यांनाही. गप्प बसली होती, पण धडा पाठ होता.

आणि तुमची शिक्षा येते कधी? सातशेव्या भागात. तोवर आमचा नातू दहावीला जाईल.

कायद्याचं भय तुम्हाला नाहीच, ते असू नये अशीच व्यवस्था आहे. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांत लिहून ठेवलंय की मुलांना न शोभणारे कार्यक्रम सर्वाधिक मुलं पाहत असतील त्या वेळी दाखवू नयेत. वाहिन्यांनी स्वतःहून 2011 मध्ये ठरवलं, प्रौढांचं ते रात्री 11 नंतर. छान झालं. पण प्रौढांचं म्हणजे काय, तर चुंबन. विष कौटुंबिक आहे, ते आठ वाजता जेवणाबरोबर चालतं. तुमच्या दिरांनी परवा सिगारेट पेटवली तेव्हा खाली लगेच सूचना झळकली, धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे. तुम्ही दूध ढवळत होतात तेव्हा तिथे आमटीच्या मसाल्याची पट्टी होती.

एक कौतुक राहिलं. तुमच्या घरात कुणाला लागत नाही. मोठी सून अठरा पायऱ्या गडगडली, कपाळावर एक चिकटपट्टी लागली, नथ जागच्या जागी. स्मृती गेली, पण लिपस्टिक शाबूत. दवाखान्याचं बिल नाही, पंचनामा नाही, सहा महिने प्लॅस्टरमध्ये पाय नाही. गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा मुलगा जिन्यात घसरला, हनुवटीला टाके पडले, बोंब मारत घरी आला. आमचं रत्न त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहत होतं. मग म्हणालं, "हा रडतोय कशाला? आता हा आपल्याला ओळखणार नाही ना?"

पोरांचंच कशाला सांगू. जॉर्ज गर्बनर नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिलं होतं की टीव्हीपुढे फार वेळ बसणाऱ्यांना जग आहे त्याहून भयंकर वाटू लागतं. आमच्या हिने गर्बनर वाचलेला नाही, पण दाराला तिसरी कडी बसवून घेतली आहे. दूधवाला 'साधा दिसतो, म्हणजेच' म्हणून संशयित आहे. सुनेने माहेरी जाऊन फोन बंद ठेवला की ही माझ्याकडे बघते आणि एक भुवई वर करते. भुवई तुमचीच, ओळखली मी.

चूक तुमची नाही, हे आम्ही जाणतो. तुम्ही गुरुवारी टीआरपीचे आकडे बघता, आम्ही आठ वाजता टीव्ही लावतो. रिमोट आमच्याच पलंगावर असतो, उशीखाली.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक आजोबा (हल्ली दूध आधी मीच पितो)

ता. क. : येत्या रविवारी आम्हाला नाशिकला मुंजीला जायचं आहे. महाएपिसोड चुकेल. मोठी सून शुद्धीवर येते का, आणि ढकललं कुणी हे तिला आठवतं का, तेवढं आधी कळवलंत तर बरं. ही विचारते आहे. म्हणजे, मीही.