दहा मीटरची सनद

माजिवड्याच्या नाक्यावरील वाहनांच्या गर्दीतून सुटून, पनवेल आणि पेण मागे टाकून, वडखळला अलिबागच्या रस्त्याला लागेपर्यंत आमच्या चिरंजीवांनी नव्या डिजिटल कॅमेऱ्याची सनद सर्व कुटुंबाला वाचून दाखवली होती: दहा मीटर खोलीपर्यंत हे यंत्र पाण्याला दाद देणार नाही. सागरसंशोधक झाक कूस्तो यांच्यासाठी घडवलेल्या ‘कॅलिप्सो’ कॅमेऱ्यावरून निकॉनने 1963 साली ‘निकोनॉस’ काढला आणि तेव्हापासून समुद्रतळाचे दफ्तर सामान्य माणसासही खुले झाले, हेही त्याने ऐकवले. कूस्तोंपाशी भूमध्य समुद्र होता, आमच्यापाशी अलिबाग, एवढाच काय तो फरक.

तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आमच्या मातोश्रींना तोंडपाठ असल्याने, ‘आज चतुर्थी, तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नवाला ओहोटी,’ असा निवाडा त्यांनी दिला आणि समुद्राने तो तंतोतंत पाळला. कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसे चालत निघाली होती, आणि दहा मीटरचा मानकरी घोटाभर पाण्यात तैनात झाला. चिरंजीवांनी त्याला तिथेही बुडवलाच. उमटलेल्या छायाचित्रात एक धीरगंभीर तपकिरी पडदा आणि त्या पडद्याआड माझ्या मेहुण्याच्या पायाचा अंगठा, यापलीकडे सृष्टीचे कोणतेही रहस्य प्रकट झाले नाही. पाण्याखाली तांबडा रंग सर्वांत आधी लोपतो, असे शास्त्र सांगते. अलिबागचा गाळ मात्र सर्व रंगांना समान न्याय देतो.

बॅटरीच्या झाकणाभोवतीच्या रबरी कडीत वाळूचा एक कण अडकला तरी समुद्राला आत शिरण्याची मुभा मिळते, सबब किनाऱ्यावर ते झाकण उघडू नये, असे माहितीपुस्तिकेत बजावलेले होते. एवढ्या कडक बंदोबस्ताची गरज असलेली वस्तू विश्वासार्ह कशी, हा सौभाग्यवतींचा सवाल बिनतोड होता. त्यांनी कॅमेरा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून वरून रबरबँड लावला आणि फोटोपुरता तो बाहेर काढण्याची परवानगी दिली. पाण्याने न भिजणाऱ्या यंत्राचे पाण्यापासून असे संरक्षण झाल्यावरच घरच्यांना त्याचा खरा भरवसा वाटू लागला.

खारे पाणी निघून जावे म्हणून सायंकाळी कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, ही पुस्तिकेची शेवटची आज्ञा चिरंजीवांनी आमच्या मुक्कामाच्या घरी न्हाणीतल्या बादलीत इमानाने पाळायला घेतली. त्या बादलीकडे घरच्या काकूंची नजर गेली मात्र, ‘अगंबाई, एवढी महागाची वस्तू पोरांनी पाण्यात टाकली!’ म्हणत त्यांनी तो उचलला, पदराने पुसला आणि थेट तांदळाच्या डब्यात पुरला.

‘काकू, तो पाण्यातच...’ चिरंजीवांनी तोंड उघडले.

‘बरं झालं हो, तुमचं लक्ष गेलं,’ मातोश्री घाईने म्हणाल्या.

रात्री भात अंमळ खारट लागला. त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही.