गाडी विचारात पडते

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि अलिबागेत माझ्या पद्मिनीकडे लोक अतिदक्षता विभागात डोकावल्यासारखे बघू लागले. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही बाई तशी ठणठणीत आहे. स्लो स्पीडला झकास, एकदा पळायला लागली की मुरूडपर्यंत कुरकुर नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की विचारात पडते. क्षणभर गप्प, एक आचका, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात निघते.

कार्ले खिंडीच्या चढावर मागे डंपर असला की हा क्षण फार लांबतो. डंपरवाला खिडकीतून ओरडतो, "अलिबागवरून आलायस काय?" मी खरोखरच तिथून आलेलो असतो. या वाक्याविरुद्धची याचिकाही मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये फेटाळली, त्यामुळे दाद मागायची सोय नाही.

निदान करायला मात्र आख्खी आळी हजर. शेजारचे नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते पेट्रोल हाच मूळ रोग, डिझेलला प्लगच नसतात तर बिघडणार काय? कोळीवाड्यातल्या दादाने बॉनेट न उघडताच सांगितलं, "टाकीन पानी हाय." बोटीच्या इंजिनापासून सासऱ्याच्या खोकल्यापर्यंत त्याचं निदान हेच असतं. पण त्याला हसण्यात अर्थ नाही. आमच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, त्यात हल्लीचं 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पाणी पटकन शोषून घेतं. टाकी साफ केली, तळाचा गंज निघाला. आचका तसाच.

भाचा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने स्कॅनर घेऊन आला. डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ चाचपडत राहिला.

"मामा, पोर्ट कुठाय?"

"मांडव्याला."

पद्मिनीत कॉम्प्युटरच नाही, हे कळल्यावर त्याने गाडीपेक्षा माझ्याकडेच जास्त दयेने पाहिलं.

शेवटी चौलचे मिस्त्री. त्यांनी आधी डेल्कोची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढली. खाऱ्या हवेने आतल्या टोकांवर हिरवट-पांढरी खरपुडी धरली होती. ती पॉलिश पेपरने घासली, पॉइंटची फट पातीने मोजली. इंजिनाचा आवाज सुधारला, आचका गेला नाही. मिस्त्रींना त्याचं दुःख दिसलं नाही. "ठिणगीचा दोष असता तर पळतानाही मिसिंग मारली असती. फिल्टर तुंबला असता तर चढावर मेलीच असती. ही फक्त पाय दाबताना अडते ना? मग वाका इकडे."

इंजिन बंद. एअर फिल्टर काढून कारबुरेटरच्या घशात बॅटरीचा झोत मारला आणि त्यांनी थ्रॉटलची दांडी ओढली. आत पेट्रोलची बारीक, सणसणीत धार पडायला हवी. पडले दोन थेंब, तेही नाराजीने.

पाय दाबला की हवा आत धावते, पेट्रोल मागे रेंगाळतं. तेवढ्या क्षणापुरती पिचकारी मारायला कारबुरेटरला एक छोटा पंप असतो. त्याचा पडदा मिस्त्रींनी काढून उन्हात धरला. रुपयापेक्षा थोडा मोठा, कडक झालेला, मधोमध केसाएवढी चीर. त्या चिरेतून अख्खं आकाश दिसत होतं आणि माझे एवढ्या दिवसांचे सल्लागारही.

नवा पडदा बसला. गाडी अशी उसळली की नाना सीटला चिकटले. उतरल्यावर ते म्हणाले, "मी सांगत होतोच." दादाच्या मते टाकी साफ केल्याचा गुण आत्ता आला. भाच्याने फोनवर विचारलं, "कुठला सेन्सर बदलला?"

मिस्त्री मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून पुढच्या चाकापाशी बसले.

"भाऊ, आता ही थांबत नाही," ते म्हणाले. "ब्रेक कधी बघितले होते?"