पूर्ण तिकीट

17 मार्च 2023 पासून सरकारने एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं, आणि नेमका त्याच दिवसांत माझा आवाज फुटत होता. म्हणजे सवलत ज्या दारातून आत येत होती, त्याच दारातून मी बाहेर पडत होतो. आमच्याकडे याला करंटेपणा म्हणतात.

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली की काही महिन्यांत आवाज उतरतो, मिसरूड फुटतं, तोंडावर मुरमं येतात. वय तिशीचं असलं तरी चेहरा दहावीच्या परीक्षेला निघाल्यासारखा. स्वारगेटहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाणाऱ्या गाडीत बसून मी 'पौड एक' म्हटलं, की कंडक्टरसाहेब मशीनवर बोट ठेवून थांबायचे. एकदा केसांकडे बघायचे, एकदा चपलांकडे. मधला भाग सभ्यपणाने वगळायचे. मग हळूच विचारायचे, "अर्धं की पूर्ण?"

ज्या डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी मला तासन्‌तास बसवून घेतलं, त्यांनाही हा प्रश्न इतक्या थोडक्यात विचारता आला नव्हता. मी छाती पुढे काढून (छाती त्या काळात बाइंडरखाली दडपलेली, त्यामुळे पुढे काढायला फारसा वाव नव्हता, पण हेतू तोच) सांगायचो, "पूर्ण." खिशाला चाट बसायची आणि मी पौडपर्यंत खिडकीतून रुबाबात बाहेर बघत जायचो.

आईने माझं पुरुष होणं तसं पचवलं होतं. कुलदैवताला जाऊन आली, मावशीशी फोनवर रडून घेतलं, शेजारणीला 'तुमच्या पोराचं बघा आधी' असं सुनावूनही झालं. सगळं स्थिरस्थावर होत असताना 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि घरात पुन्हा सुतक आलं. "महिन्याला पंधराशे," आई भाकरी थापता थापता म्हणाली, "वर्षाचे अठरा हजार. जरा दमानं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, आई, हे काय माझ्या हातात होतं का? ती म्हणाली, "इंजेक्शन तर तुझ्याच हातात होतं." पुढच्या वर्षी बातमी आली की राज्यातल्या 14 हजारांहून जास्त पुरुषांनी लाडकी बहीण होऊन पैसे उचललेत. आईने पेपर माझ्या ताटाशेजारी टाकला. "बघ. हे जल्मापासून पुरुष. ह्यांना जमलं."

पुरुषच व्हायचं होतं तर तालुका जरा सोपा निवडायला हवा होता, हे मला उशिरा कळलं. महाराष्ट्र केसरीची गदा ज्यांच्या नावाने देतात ते मामासाहेब मोहोळ आमच्या मुठ्याचे. म्हणजे पुरुषपणाचं माप इथे आधीच गदेने ठरलेलं. त्यात 2018 मध्ये प्रवीण तरड्यांचा 'मुळशी पॅटर्न' आला. जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याचा पोरगा गुंड होतो, ही त्याची गोष्ट. तेव्हापासून पुण्यात 'मी मुळशीचा' म्हटलं की समोरचा दोन पावलं मागे सरकून बोलतो. खरं तर हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, पण लॅपटॉपची सॅक पाठीला लावून फिरणाऱ्या त्या मुळशीकरांना कोणी भीत नाही. मला हा दरारा फुकटात मिळाला. कोथरूडला पार्किंगवरून एक जण अंगावर आला. "कुठला रे तू?" मी नव्या आवाजात "मुळशी" म्हणालो. मध्येच आवाज फाटला. 'मुळ' खर्जात लागला आणि 'शी' तारसप्तकात. तरी त्याने गाडी काढली.

मापावरून आठवलं. बीड जिल्ह्यातले पोलिस शिपाई ललित साळवे यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा आणि पुढे पुरुष म्हणून नोकरीत राहण्याची परवानगी मागितली, तेव्हा खातं पेचात पडलं. भरती बायकांच्या निकषांवर झालेली, आता पुरुषांचे निकष लावायचे कसे? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी परवानगी मिळाली, 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये त्यांनी लग्न केलं, 2024 मध्ये ते बाप झाले. हे सगळं पेपरात वाचून मला हुरूप आला, पण माझं लक्ष अडकलं ते उंचीच्या आकड्यात. पोलिस शिपाई व्हायला पुरुषाला 165 सेंटिमीटर लागतात, बाईला 155. मी 159. आमच्या गावची पोरं पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करतात, 1600 मीटर पळतात, 7.26 किलोचा गोळा फेकतात. बायकांचा गोळा 4 किलोचा. त्या पोरांनी मला एकदा हौसेने गोळा दिला. तो मी फेकला असं म्हणता येणार नाही. ठेवला.

ही पोरं माझ्या शाळेतली. मी त्यांना सगळं सांगायचं ठरवलं तेव्हा चांगलं भाषण तयार करून नेलं होतं. लहानपणापासून मला काय वाटायचं, कायदा काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतात. दोन मिनिटांत शांतता पसरली. एकाने तंबाखू मळून पूर्ण केली, चिमूट दाढेत ठेवली आणि विचारलं, "म्हंजी आता रविवारी क्रिकेटला येशील? एक जण कमी पडतोय." एवढीच चौकशी. हीच बातमी ज्या मैत्रिणींना दिली, त्यांनी मला संध्याकाळी सहापासून रात्री साडेअकरापर्यंत सोडलं नव्हतं.

पुरुषांचे नियम कोणी सांगत नाही, आणि विचारणं हाच पहिला नियमभंग. पावसाळ्यात आम्ही बाइकवर ताम्हिणीत जायचो. घाटात कोणीतरी "थांब रं" म्हणायचा, गाड्या बाजूला लागायच्या आणि सगळे ओळीने दरीकडे तोंड करून उभे राहायचे. या ओळीत मोठमोठे निर्णय होतात. गणपतीची वर्गणी, सरपंचपदाचा उमेदवार, कोणाला पैसे उसने द्यायचे नाहीत. मी मागे गाडीला टेकून धबधबा बघत राहायचो. "तुला न्हाय?" "मला नाही आली." सकाळी नाही, दुपारी नाही, परततानाही नाही. यातून माझं नाव पडलं 'धरण'. टाटांच्या ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ज्याच्यापायी सेनापती बापटांनी तुरुंग भोगला, ज्याचं पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याला उतरतं आणि वीज होऊन मुंबईला जातं, त्याची बरोबरी मी निव्वळ मूत्राशयाच्या जोरावर केली.

मी त्या ओळीत का येत नाही, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोणी बोललं नाही. मग एकदा जेवायला एका ढाब्यावर थांबलो असताना तंबाखूवाला माझ्याकडे न बघता, रस्त्यावरच्या ट्रककडे बघत म्हणाला, "मागल्या बाजूला आतलं हाय. कडी नीट लागती. पाणी बी हाय." आणि लगेच ओरडला, "ए, मिसळीला तर्री वेगळी आण." तेव्हापासून कुठेही गाडी थांबली की तो आधी एकटाच मागे जाऊन येतो. कडी नसेल तर म्हणतो, "हितं चहा बेकार हाय, फुडं थांबू." त्याच्यापायी आम्ही सगळे बऱ्याच चांगल्या चहांना मुकलोय.

बायकांच्या राज्यातून मात्र मी तडीपार झालो. पूर्वी एसटीत शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. आता पिशवी मध्ये ठेवते. भाऊबीजेला ओवाळून पैसे मिळायचे, आता ओवाळून घेऊन द्यावे लागतात. पण खरा फटका बसला तो आवणीला. आमच्याकडे चिखलणी पुरुषांची आणि भाताची लावणी बायकांची. माझा हात पहिल्यापासून लावणीला बसलेला. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात खोचायच्या, मागे सरकायचं. बांध टेकेपर्यंत मान वर करायची नाही. दादा म्हणाला, "तू आता टिलर धर." धरला. पहिलं खाचर टिलरनेच मला फिरवलं. पलीकडे ओळीतल्या काकी पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "या भाऊ हिकडं, राहू द्या ते." मी खूश होऊन ओळीत उभा राहिलो, मूठ सोडवली, आणि सासवांवर रंगात आलेलं बोलणं एकदम पावसावर आलं. यंदा पाऊस बरा हाय. व्हय, बराच हाय. अख्खं खाचर लावून होईपर्यंत पाऊस बराच होता. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या नवऱ्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली, या बातम्या मला हल्ली सगळ्या गावाच्या नंतर कळतात, म्हणजे पुरुषांबरोबर.

राहता राहिला दादा. त्याने सुरुवातीला काहीच म्हटलं नाही. तो हिशेबी माणूस आहे. मुळशीत जमिनीला भाव आल्यापासून भावांचं बहिणींवरचं प्रेम फार वाढलंय. साडीचोळी होते, जेवण होतं आणि बहिणीला गाडीत घालून पौडला हक्कसोडपत्रावर सही करायला नेतात. 2005 च्या कायद्याने लेकीचा हिस्सा लेकाइतकाच केला, पण सही करणाऱ्या बहिणी माहेर तुटायच्या भीतीने करतात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी वारसनोंद झाली. दादा माझ्या साडीची तयारी करत असणार, तोवर मी शर्टात आलो. एका रात्री तो ओसरीवर येऊन बसला. "म्हंजी तू आता सही न्हाय देणार?" मी म्हटलं, "भाऊ भावाला कधी हक्कसोड देतो का?" तो बराच वेळ विचार करत बसला. सकाळी दात घासता घासता म्हणाला, "मग टिलरचा निम्मा हप्ता तुझा."

तात्यांचं तसं नव्हतं. तात्या म्हणजे माझे चुलते, बांधाला बांध. त्यांनी माझं नवं नाव कधीही तोंडातून काढलं नाही. समोर आलो तर जुन्या नावाने हाक मारायचे, चारचौघांत 'आमची पोरगी' म्हणायचे, आणि मी दाढी वाढवली त्या महिन्यात त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला. गेल्या पावसात आमचा बांध फुटला. मी कुदळ घेऊन माती ओढत होतो, तर तात्या छत्री उलटी झालेली तशीच घेऊन धावत आले.

"बांध कोरतोस व्हय रं? दिवसाढवळ्या?"

मी म्हटलं, फुटलेला बांध घालतोय.

"मला शिकवतो! तुझ्या बापानंबी असंच घालता घालता हातभर सरकवला. बापावर गेलाय, बापावर! तीच खोड, तीच कुदळ!"

मग मीही वडिलांच्या तोंडचे चार शब्द वापरले. ते मला इतके सहज येतील असं वाटलं नव्हतं. आवाज कुठेही फाटला नाही. आई दारात येऊन उभी होती, दादा गोठ्यातून बाहेर आला होता, काकी लावणी थांबवून बघत होत्या. कोणी मध्ये पडलं नाही. भाऊबंदकीत बाहेरच्यांनी पडायचं नसतं.

तात्यांनी आता मोजणीचा अर्ज टाकलाय. लगतच्या खातेदारांत दादाच्या खाली माझं नाव आहे. नवं, राजपत्रातलं, वेलांटीसकट बरोबर.